ड्वार्फ फोर्ट्रेसमधील वृक्षशेती

ड्वार्फ फोर्ट्रेस या वसाहत उभारण्याच्या व्हिडिओ गेममध्ये लाकूड कायम मिळत राहावे म्हणून खेळाडू करतात ती झाडांची जोपासना. बे १२ गेम्सच्या टार्न आणि झॅक अ‍ॅडम्स या भावांचा हा गेम २००६ मध्ये प्रथम उपलब्ध झाला. चित्रमय आवृत्ती डिसेंबर २०२२ मध्ये स्टीम या ऑनलाइन गेमविक्रीच्या दुकानात आली.

खेळाडू ज्यांची वसाहत चालवतो त्या बुटक्यांचे (ड्वार्फ) सगळे राज्य दगडात कोरलेले असले, तरी लाकडावाचून त्यांचे पान हलत नाही. दार, टेबल, खुर्ची दगडाची चालते. पलंग मात्र लाकडाचाच लागतो. शंभर बुटके म्हणजे शंभर ओंडके नुसत्या झोपेपायी गेले. भट्टी त्याहून खादाड. दगडी कोळसा किंवा लाव्हा हाताशी नसेल, तर धातू गाळण्यासाठी लाकडी कोळसा पाडावा लागतो, आणि एका ओंडक्याचा एकच कोळसा होतो. पोलादाच्या नादी लागलेला किल्ला आसपासचे रान बघता बघता बोडके करतो.

झाड लावण्याची आज्ञाच या गेममध्ये नाही. टिंबरबॉर्न या दुसऱ्या गेममधले बीव्हर रोपे लावतात, रिमवर्ल्ड या गेममध्ये संशोधन पूर्ण झाले की झाडे लावता येतात. इथे खेळाडूच्या हाती फक्त जागा तयार करणे आणि ती राखणे. टेकडीवर चराईबंदी करून बाकीचे पावसावर सोडावे, तसा हा प्रकार.

खणता खणता भूगर्भातल्या गुहा एकदा उघड्या पडल्या, की किल्ल्यातल्या मातीच्या जमिनीवर शेवाळ आणि टॉवर-कॅप, फंगीवुड अशी झाडाएवढी अळंबी आपोआप उगवू लागतात. म्हणून मातीच्या थरात ऐसपैस दालने कोरतात. झाड वाढायचे तर छतही उंच हवे. नुसता खडक असेल, तर दालनात पाणी सोडून ते उपसतात आणि मागे राहिलेल्या गाळावर पीक येते. पाणी सोडण्याआधी ते बंद कसे करायचे हे ठरवलेले बरे. या एका कामात बुडालेले किल्ले थोडेथोडके नसतील.

रोपट्याचे झाड व्हायला गेममधली सुमारे तीन वर्षे लागतात. तोवर खरा शत्रू म्हणजे पाय. येणाऱ्या-जाणाऱ्या बुटक्यांच्या आणि जनावरांच्या वर्दळीत रोपटी तुडवली जाऊन मरतात, त्यामुळे दालनाला कुलूप लावून तोडीच्या वेळीच उघडणे उत्तम.

२०१४ च्या आवृत्तीपासून झाडाला खोड, फांद्या आल्या आणि एकेका झाडातून अनेक ओंडके मिळू लागले. दाट रानातल्या किल्ल्याला ही खटपट तेव्हापासून फारशी करावी लागत नाही. हिमप्रदेशात, वाळवंटात किंवा वेढा पडून दरवाजे बंद असताना मात्र तिला पर्याय नाही.

एल्फ, म्हणजे झाडांना जपणारी रानातली जमात, हा या धंद्यातला कायमचा काटा. त्यांचा दूत झाडतोडीवर मर्यादा घालायला सांगतो, आणि लाकडी वस्तू पुढे केली की त्यांचे व्यापारी दुखावतात. स्वतः मात्र खुशाल लाकडी माल विकतात!

खोल गुहांतल्या नेदर-कॅप या झाडाएवढ्या अळंबीचे तापमान कायम गोठणबिंदूवर असते, म्हणून ते लाव्हातही जळत नाही. लाव्हा उपसणाऱ्या पंपांचे भाग त्यापासून करतात. त्याचा कोळसा पाडणे ही निव्वळ उधळपट्टी.