मिडले, चार प्रकार आणि एक भिंत

३० जुलै २०२५ ला सिंगापूरच्या जागतिक जलतरण स्पर्धेत फ्रान्सच्या लेओं मार्शांने पुरुषांची २०० मीटर वैयक्तिक मिडले (एकाच शर्यतीत पोहण्याचे चार प्रकार) १ मिनिट ५२.६९ सेकंदांत पोहून काढली. ती उपांत्य फेरी होती. रायन लॉक्टीने २०११ मध्ये शांघायला नोंदवलेला १:५४.०० चा विक्रम चौदा वर्षं टिकला होता. तो असा एका झटक्यात सव्वा सेकंदाहून जास्त मागे पडला. दुसऱ्या दिवशी मार्शांने १:५३.६८ वेळेत सुवर्णही घेतलं.

आमच्या भंडारा-गोंदियाकडे पोरं पोहायला शिकतात ती मामा (माजी मालगुजारी) तलावात, गावाजवळच्या बोडीत, नाहीतर वैनगंगेच्या डोहात. उताणं पोहणं (बॅकस्ट्रोक), बेडकासारखे पाय मारणं (ब्रेस्टस्ट्रोक), हात फेकत सरळ पुढे जाणं (फ्रीस्टाइल) हे त्यांना कोणी न शिकवता येतं. म्हणजे मिडलेतले तीन प्रकार कच्च्या रूपात त्यांच्या अंगात असतात. नसते ती भिंत, म्हणजे स्पर्धेच्या तलावाचं टोक, जिथे वळायचं असतं. आणि या शर्यतीचा इतिहास पाहिला तर निकाल बऱ्याचदा भिंतीपाशीच लागलेला दिसतो.

आधी चौथ्या प्रकाराबद्दल. बटरफ्लाय मुळात ब्रेस्टस्ट्रोकच्या नियमांतल्या फटीतून आला. दोन्ही हात एकदम पुढे न्या, एवढंच नियम सांगत होता. ते पाण्यातून न्यायचे की पाण्यावरून, हे त्यात नव्हतं. १९३० च्या दशकात अमेरिकी जलतरणपटूंनी हात पाण्यावरून फेकायला सुरुवात केली. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकपर्यंत २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकच्या अंतिम फेरीत जवळजवळ सगळेच तसं पोहत होते. शेवटी १९५२ मध्ये जागतिक संघटनेने दोन्ही प्रकार वेगळे केले. त्याआधीची मिडले तीनच प्रकारांची असे. आजचा क्रम बटरफ्लाय, बॅकस्ट्रोक, ब्रेस्टस्ट्रोक आणि फ्रीस्टाइल असा आहे.

ऑलिम्पिकमध्ये ४०० मीटर मिडले १९६४ ला टोकियोत आली. पहिला विजेता अमेरिकेचा डिक रॉथ. स्पर्धेच्या तोंडावर त्याला अपेंडिक्सचा त्रास झाला, शस्त्रक्रिया त्याने नाकारली आणि ४:४५.४ असा विश्वविक्रम करून तो जिंकला. २०० मीटर १९६८ ला मेक्सिकोत आली, पण १९७६ आणि १९८० मध्ये ती वगळली गेली आणि १९८४ ला परतली.

मला सगळ्यात जास्त गुंतवते ती १९७२ ची म्युनिकची ४०० मीटर शर्यत. स्वीडनचा गुन्नार लार्सन आणि अमेरिकेचा टिम मॅकी, दोघांचीही वेळ ४:३१.९८. मग हजारांश पाहिले गेले: ४:३१.९८१ आणि ४:३१.९८३. सुवर्ण लार्सनला. त्या वेगाने हे अंतर जेमतेम तीन मिलिमीटर भरतं आणि तलावाच्या सगळ्या लेन इतक्या काटेकोर लांबीच्या बांधताच येत नाहीत. मॅकीवर अन्याय झाला असंच माझं मत आहे. पुढे निकाल शंभरांशांवरच थांबवायचं ठरलं. आज तशी वेळ आली तर दोघांनाही सुवर्ण मिळतं.

नंतर हंगेरीचा तमाश दार्नी आला. लहानपणी बर्फाचा गोळा लागून त्याच्या एका डोळ्याची दृष्टी गेली होती. १९८८ आणि १९९२ या दोन्ही ऑलिम्पिकमध्ये त्याने मिडलेच्या दोन्ही शर्यती जिंकल्या, आणि १९९१ ला पर्थमध्ये २०० मीटर दोन मिनिटांच्या आत पोहणारा तो पहिला ठरला. मायकेल फेल्प्सने २००४ ते २०१६ अशी सलग चार ऑलिम्पिक २०० मीटरचं सुवर्ण सोडलं नाही. त्याचा ४०० मीटरचा ४:०३.८४ हा विक्रमही २०२३ मध्ये फुकुओकाला मार्शांनेच ४:०२.५० ने मोडला. दोघांचा प्रशिक्षक एकच, बॉब बोमन. मार्शांचे वडील झेवियर यांनीही १९९८ च्या जागतिक स्पर्धेत २०० मीटर मिडलेचं रौप्य मिळवलं होतं.

मार्शां पुढे निघतो तो वळणावर. भिंतीला पाय देऊन तो पाण्याखालून कंबरेच्या लाटेने जातो आणि १५ मीटरची मुभा पुरेपूर वापरतो. ही मर्यादाही आपोआप आली नाही. १९८८ मध्ये डेव्हिड बर्कॉफसारखे बॅकस्ट्रोकवाले अर्ध्याहून जास्त लांबी पाण्याखालूनच कापू लागले, तेव्हा ती घालावी लागली. लॉक्टीने २०१५ ला कझानमध्ये फ्रीस्टाइलच्या टप्प्यात वळणानंतर उताणं राहून पाय मारले, त्यावरही पुढे बंदी आली.

विदर्भाचं नाव या शर्यतीत आहे आणि ते मोठं आहे. अमरावतीत जन्मलेल्या, पूर्ण दृष्टिहीन कांचनमाला पांडे यांनी २०१७ मध्ये मेक्सिकोच्या जागतिक पॅरा जलतरण स्पर्धेत महिलांच्या एसएम-११ या दृष्टिहीनांच्या गटात २०० मीटर मिडलेचं सुवर्ण जिंकलं. या गटात भिंत जवळ आली की काठावरचा सहायक मऊ टोकाच्या काठीने पोहणाऱ्याला स्पर्श करतो, आणि त्या इशाऱ्यावर वळण घ्यायचं असतं. भारतात मिडलेचं नाव निघालं की सर्वांत आधी त्यांचं नाव घेतलं जावं, असं मला मनापासून वाटतं.

मामा तलावात दम कमावलेल्या पोरांसाठी ५० मीटरचा तलाव लगेच होणार नाही, हे मान्य. पण १०० मीटरची मिडले खास २५ मीटरच्या तलावासाठीच असते. ऑलिम्पिकमध्ये ती नाही, पण जागतिक शॉर्ट कोर्स (२५ मीटर तलावाच्या) स्पर्धेत आहे. दर २५ मीटरला प्रकार बदलतो, म्हणजे चार लांब्यांत तीन वळणं. तालुक्याच्या क्रीडा संकुलात एवढा तलाव आणि वळणं शिकवणारा एक प्रशिक्षक मिळाला, तर तुमसर-पवनीकडची पोरं ही शर्यत खेळू शकतील.