सॉफ्टवेअरची निर्यात की माणसांची? ‘ऑनसाइट’च्या वादाची पार्श्वभूमी

२००८-०९ मध्ये पुण्यातल्या एका मध्यम सॉफ्टवेअर कंपनीच्या अकाउंट्समध्ये मी होतो. क्लायंटला जाणाऱ्या मासिक बिलात दोन ओळी असायच्या : ऑनसाइट इतके मॅन-मंथ (एका माणसाचे महिनाभराचे काम म्हणजे एक), ऑफशोअर, म्हणजे भारतात बसून केलेले, इतके. पहिल्या ओळीतला इंजिनिअर अमेरिकेत क्लायंटच्या इमारतीत बसायचा आणि त्याचा रेट दुसऱ्या ओळीतल्याच्या अडीच-तीनपट असायचा. लेहमन ही अमेरिकी बँक बुडाल्यावर क्लायंटची नजर आधी त्याच ओळीवर गेली. त्यांचे म्हणणे, माणसे परत बोलवा, काम भारतातूनच करून द्या. आम्हाला ती निव्वळ खर्चकपात वाटली. पण त्या दोन ओळींमधल्या रेषेवरून, म्हणजे ऑनसाइट काम सॉफ्टवेअरची निर्यात धरायचे की नाही यावरून, प्राप्तिकर खाते आणि कंपन्या यांच्यात आधीच जुंपायला लागली होती.

ही रेषा जुनीच. ऐंशीच्या दशकात ‘सॉफ्टवेअर निर्यात’ म्हणजे बहुतेक वेळा प्रोग्रामरचे विमानाचे तिकीट. ‘बॉडी शॉपिंग’, म्हणजे नुसती माणसे पुरवण्याचा धंदा, हा कुत्सित शब्द तेव्हाचाच. नव्वदच्या सुरुवातीला सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कची योजना आली, पहिल्या तीन केंद्रांत पुणे होते, आणि उपग्रह जोडणीमुळे माणूस इथे ठेवून काम तिकडे पाठवणे परवडू लागले. योजनेतल्या कंपनीला संगणक आयातशुल्काशिवाय मिळत. त्या बदल्यात ऑफिसची जागा कस्टम्सच्या बॉण्डमध्ये, म्हणजे त्यांच्या देखरेखीखाली. शिवाय निर्यातीच्या नफ्यावर प्राप्तिकर कायद्याच्या कलम १०अ खाली करसवलत.

आता निर्यात म्हणजे काय? हापूसच्या पेटीबाबत हा प्रश्न पडत नाही. पेटी बंदरातून जाते, कागदावर शिक्का बसतो. सॉफ्टवेअरसाठी सॉफ्टेक्स नावाचा फॉर्म आला, पण तो तारेवरून गेलेल्या कामासाठी. जो कोड न्यू जर्सीत बसूनच लिहिला आणि तिथेच वापरला, तो भारतातून ‘निर्यात’ झालाच कधी? २००१ च्या वित्त कायद्याने कलमाला एक स्पष्टीकरण जोडले : परदेशात ऑनसाइट केलेल्या सॉफ्टवेअर विकासाचा नफा हा सॉफ्टवेअर निर्यातीचाच नफा मानावा. ‘मानावा’ हे क्रियापद लक्षात ठेवण्यासारखे आहे. वस्तुस्थिती तशी नाही, पण तशी धरा, असाच त्याचा अर्थ होतो.

प्राप्तिकर अधिकाऱ्यांनी मग वेगळी वाट काढली. विकास ऑनसाइट झाला असेल तर ठीक, पण तुम्ही विकास केलात कुठे? तुम्ही तर ताशी दराने माणसे पुरवलीत, म्हणजे हे मनुष्यबळ पुरवठ्याचे उत्पन्न, सवलत नाही. मोठ्या कंपन्यांना कोट्यवधींच्या मागण्या निघाल्या. उद्योगाने याला छळ म्हटले. मला तेव्हाही वाटायचे की प्रश्न अगदीच गैरलागू नव्हता. आमच्या बिलावर तरी तासच छापलेले असायचे, सॉफ्टवेअरचे नाव कुठेच नसायचे. पण वर्षानुवर्षे मंजूर होत आलेली गोष्ट मंदीच्या तोंडावर उकरून काढायची, हा कारभार काही सरळ नव्हता.

गंमत अशी की तिकडे अमेरिकेतही नेमका तोच, माणसे पुरवण्याचा, आरोप चालू होता. अमेरिकेने एच-वन-बी, म्हणजे कुशल परदेशी कर्मचाऱ्यांसाठीच्या, व्हिसांची वार्षिक मर्यादा डॉटकॉमच्या, म्हणजे इंटरनेट कंपन्यांच्या तेजीच्या, भरात १ लाख ९५ हजारांवर नेली होती. फुगा फुटल्यावर, ऑक्टोबर २००३ पासून, ती पुन्हा ६५ हजारांवर आली. ऑगस्ट २०१० मध्ये अमेरिकेतले निम्म्याहून अधिक कर्मचारी व्हिसावर असलेल्या कंपन्यांवर प्रत्येक अर्जामागे किमान २ हजार डॉलरची जादा फी बसली. त्या चर्चेत एका सिनेटरने एका भारतीय कंपनीला ‘चॉप शॉप’ म्हटले, म्हणजे चोरीच्या गाड्यांचे सुटे भाग करून विकणारे गॅरेज. काही दिवसांत त्याने दुरुस्ती केली : मला ‘बॉडी शॉप’ म्हणायचे होते. आमचा कर ठरवणाऱ्या असेसिंग ऑफिसरचेही म्हणणे तेच होते, फक्त त्याला व्हिसाच्या फीऐवजी कर हवा होता.

दिल्लीने २०१२ मध्ये समिती नेमली आणि जानेवारी २०१३ मध्ये परिपत्रक निघाले. ऑनसाइट काम निर्यातच, त्यासाठी पाठवलेल्या तांत्रिक माणसांचे उत्पन्नही सवलतीस पात्र. मात्र परदेशातल्या कामाचा भारतातल्या युनिटशी थेट आणि घनिष्ठ संबंध हवा आणि करार त्या युनिटशी हवा. कलम १०अ ची सवलत मार्च २०११ लाच संपली होती. म्हणजे उत्तर मिळाले ते मुख्यतः जुन्या वर्षांच्या अपिलांसाठी आणि सेझमध्ये, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रात, गेलेल्यांसाठी.

२००८ च्या मंदीत एका अमेरिकी बँकेने भारतातले स्वतःचे बीपीओ केंद्र, म्हणजे कार्यालयीन कामे करणारे केंद्र, इथल्याच एका कंपनीला सुमारे ५० कोटी डॉलरना विकले. स्वतःची केंद्रे चालवण्यापेक्षा काम बाहेर दिलेले बरे, हे तेव्हाचे शहाणपण. २०२४ पर्यंत वारे फिरले होते आणि परदेशी कंपन्यांची अशी स्वतःची केंद्रे देशात सतराशेच्या वर गेली होती. पूर्वी त्यांना ‘कॅप्टिव्ह’ म्हणत, आता जीसीसी (ग्लोबल कॅपेबिलिटी सेंटर) म्हणतात. ऑनसाइटची ओळ त्यांच्या हिशेबात फारशी येतच नाही.

मार्च २०२० मध्ये ऑफिसे बंद झाली तेव्हा डेस्कटॉप टेम्पोत भरून लोकांच्या घरी पोहोचवले गेले. ज्या यंत्रांना बॉण्डच्या दाराबाहेर काढायला एकेकाळी कागद रंगवावे लागत, ती सिंहगड रोडवरच्या वन बीएचकेत जेवणाच्या टेबलावर मांडली गेली. काम सुरू राहिले. ऑनसाइट माणूसही तिथल्या आपल्या फ्लॅटमधूनच लॉगिन करत होता, तरी बिलात त्याची ओळ वेगळीच राहिली.

सप्टेंबर २०२५ मध्ये दोन्ही बाजूंना एकदमच हात घातला गेला. महिन्याच्या सुरुवातीला अमेरिकी सिनेटमध्ये एक विधेयक मांडले गेले. परदेशात करवून घेतलेल्या कामाच्या पैशांवर २५ टक्के कर लावायचा त्याचा प्रस्ताव. १९ तारखेला नव्या एच-वन-बी अर्जांवर १ लाख डॉलरची फी जाहीर झाली. पहिल्याचा रोख बिलातल्या ऑफशोअरच्या ओळीवर, दुसऱ्याचा ऑनसाइटच्या.