शिपिंगमध्ये आहे, जहाजावर नाही

"शिपिंग कंपनीत आहे" म्हटलं की नागपुरात पुढचा प्रश्न ठरलेला: "मग सहा-सहा महिने समुद्रावरच राहत असशील ना बाबू?" नाही हो काकू, मी रात्री घरीच जेवतो. बहुतेक रात्री, म्हणा.

जहाजावरचे खलाशी-अधिकारी वेगळे. ते सीडीसी (खलाशाचं सरकारी ओळखपुस्तक) घेऊन करारावर जातात. आमचं काम नागपूरच्या कंटेनर डेपोभोवतीचं. माल भरला, सील लागलं, कस्टमचे कागद झाले, की कंटेनर रेल्वेने मुंबईजवळच्या न्हावा-शेवा बंदराकडे. १ जुलै २०१६ पासून तर भरलेल्या कंटेनरचं पडताळलेलं वजन कळवल्याशिवाय तो जहाजावर चढतच नाही.

"म्हणजे आरामाची कारकुनी!" हेही चूक. बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे जहाज कंपनीच्या माल मिळाल्याच्या पावतीवर, खरेदीदाराच्या नावात एक अक्षर चुकलं, तर एलसीवाली (खरेदीदाराच्या वतीने पैशांची हमी देणारी) बँक पैसे अडवू शकते. म्हणून आमच्याकडची जुनी माणसं मसुदा ओळीवर बोट ठेवून वाचतात, शाळेतल्यासारखा. शिकायला भरपूर, हे सगळेच कबूल करतात; कट-ऑफच्या, म्हणजे जहाजासाठी कागद-कंटेनर देण्याच्या शेवटच्या मुदतीच्या, रात्री मात्र फोन उशाशी.

आणि पगार? मर्चंट नेव्हीचे आकडे ऐकून स्थळं येतात, पगारपत्रक पाहून परत जातात.