अपुऱ्या कामांचे गणित

समजा, जलसंपदा विभागाकडे प्रत्येकी 100 कोटी रुपये खर्चाचे दहा प्रकल्प आहेत आणि वर्षाला मिळतात फक्त 100 कोटी. हा पैसा दोन पद्धतींनी वाटता येतो. पहिल्या पद्धतीत प्रत्येक प्रकल्पाला दरवर्षी दहा-दहा कोटी मिळतात, कोणताही आमदार नाराज होत नाही आणि दहाही प्रकल्प दहाव्या वर्षाच्या अखेरीस एकदम पूर्ण होतात. दुसऱ्या पद्धतीत सगळा पैसा एका वेळी एकाच प्रकल्पावर लावला जातो. पहिला प्रकल्प पहिल्या वर्षाअखेर पुरा होतो, दुसरा दुसऱ्या, आणि शेवटचा दहाव्या. म्हणजे सर्वांत मागे राहिलेल्या प्रकल्पालाही पहिल्या पद्धतीपेक्षा एक दिवस जास्त लागत नाही. मात्र दहा वर्षांचा हिशेब केला, तर पहिल्या पद्धतीत पाणी मिळण्याची वर्षे शून्य असतात, तर दुसऱ्या पद्धतीत सर्व प्रकल्पांची मिळून पंचेचाळीस (पहिल्याची नऊ, दुसऱ्याची आठ, अशी बेरीज). खर्च तेवढाच आणि मुदतही तेवढीच, तरीही फरक एवढा मोठा पडतो.

प्रत्यक्षात भूसंपादन, वनखात्याची परवानगी आणि कामाचा तांत्रिक क्रम यांमुळे एका प्रकल्पावर एका वर्षात सगळा पैसा खर्च करता येत नाही, त्यामुळे तीन-चार कामे एकदम चालवावी लागतात. तरीही मूळ निष्कर्ष बदलत नाही: पैसा जितका पातळ पसरवावा, तितका त्याचा लाभ लांबतो. लांबलेल्या लाभाची किंमतही कमी होते. दरसाल 10 टक्के व्याजदर धरला, तर वीस वर्षांनी मिळणाऱ्या 100 रुपयांच्या लाभाचे आजचे मोल जेमतेम 15 रुपये भरते. कर्ज काढून बांधलेल्या धरणाचे व्याज मात्र पहिल्या वर्षापासून सुरू होते.

महाराष्ट्रात याचे ठळक उदाहरण भंडारा जिल्ह्यातील पवनी तालुक्यात, वैनगंगेवर उभे आहे. गोसीखुर्द प्रकल्पाला 1983 मध्ये मान्यता मिळाली तेव्हा त्याचा अंदाजित खर्च 372 कोटी रुपये होता आणि नागपूर, भंडारा व चंद्रपूर जिल्ह्यांतील सुमारे अडीच लाख हेक्टर जमीन त्यातून भिजणार होती. भूमिपूजन 1988 मध्ये झाले. त्यानंतर सुधारित प्रशासकीय मान्यता, म्हणजे विभागातल्या रोजच्या बोलण्यातील ‘सुप्रमा’, पुनःपुन्हा घेण्यात आली. 2009 मध्ये प्रकल्पाला राष्ट्रीय दर्जा मिळाला आणि 2016 च्या सुधारित अंदाजात खर्च 18,494 कोटींवर गेला. ही वाढ जवळजवळ पन्नास पट आहे.

यावर पहिले उत्तर नेहमी महागाईचे दिले जाते, म्हणून ते तपासून पाहणे आवश्यक आहे. औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकानुसार 1983 ते 2016 या काळात किमती साधारण बारा-तेरा पट झाल्या. त्या हिशेबाने 372 कोटींचे पावणेपाच हजार कोटींच्या आसपास व्हायला हवे होते. उरलेली वाढ महागाईच्या खात्यावर टाकता येत नाही. भूसंपादनाचा व पुनर्वसनाचा मुळात कमी धरलेला खर्च, कामाच्या व्याप्तीतील बदल आणि खुद्द विलंब यांत तिची कारणे शोधावी लागतात. विलंबाचा यातील वाटा विशेष जाचक आहे, कारण काम रेंगाळले की खर्च वाढतो, खर्च वाढला की त्या वर्षाची तरतूद अपुरी पडते आणि तरतूद अपुरी पडली की काम आणखी रेंगाळते. या फेऱ्यात ज्यांची शेते व गावे बुडिताखाली गेली, त्यांनी आपला वाटा आधीच मोजलेला असतो, आणि कालव्याच्या शेवटच्या टोकाचा शेतकरी पिढी उलटली तरी पाण्याची वाट पाहत असतो. मला या साऱ्या आकडेवारीत हीच बाब सर्वांत अन्यायकारक वाटते.

खर्चाचे अंदाज कमी निघणे ही केवळ महाराष्ट्राची व्यथा नाही. डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वेर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये दाखवून दिले की, माणूस आपल्या कामाचा अंदाज त्या कामाच्या तपशिलातून बांधतो आणि तशाच इतर कामांचे प्रत्यक्षात काय झाले याकडे दुर्लक्ष करतो. बेंट फ्लिव्हबियर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 मध्ये वीस देशांतील 258 वाहतूक प्रकल्प तपासले, तेव्हा दहापैकी नऊ प्रकल्पांत खर्च अंदाजाबाहेर गेला होता. रेल्वे प्रकल्पांत ही वाढ सरासरी 45 टक्के होती, आणि तीही महागाई वजा करून. ब्रिटनच्या अर्थखात्याने या शतकाच्या सुरुवातीला यावर एक सरळ उपाय स्वीकारला. अभियंत्याने दिलेल्या आकड्यात त्याच जातीच्या जुन्या कामांच्या अनुभवावरून ठरवलेली वाढ आधीच मिळवायची आणि मगच प्रस्ताव परवडतो की नाही ते ठरवायचे.

तिजोरीत चणचण असताना हा विचार अधिक निकडीचा होतो. 2025-26 च्या अर्थसंकल्पात महाराष्ट्राची राजकोषीय तूट, म्हणजे कर्ज काढून भागवायची एकूण तूट, 1,36,235 कोटी रुपये आणि तिच्यातील महसुली तूट, म्हणजे दैनंदिन खर्च नेहमीच्या उत्पन्नापेक्षा जितका जास्त तो फरक, 45,891 कोटी रुपये दाखवलेली होती. याचा अर्थ, कर्ज म्हणून उभ्या करायच्या दर तीन रुपयांतील एक रुपया दैनंदिन खर्चात जाणार होता. वेतन, निवृत्तिवेतन आणि व्याज टाळता येत नाही आणि अनुदानाच्या योजना बंद करणे राजकीयदृष्ट्या अवघड असते, म्हणून कपातीची कात्री सहसा भांडवली कामांवर चालते. ती चालतेही सरसकट, म्हणजे ऐंशी टक्के झालेल्या कामालाही तेवढीच आणि नुकत्याच नारळ फुटलेल्या कामालाही तेवढीच. वरच्या गणिताच्या कसोटीवर ही सर्वांत महागडी काटकसर ठरते.

विदर्भ-मराठवाड्याच्या अनुशेषाचा, म्हणजे विकासात मागे राहून साचलेल्या तुटीचा, प्रश्न खरा आहे आणि केवळ लवकर पुरे होईल तेच काम निवडायचे ठरवले, तर मागास भाग आणखी मागे पडेल, हा आक्षेप रास्त आहे. पण अनुशेष भिजलेल्या हेक्टरांनी भरून निघतो, भूमिपूजनांच्या संख्येने नव्हे. प्रत्येक विभागाचा वाटा आधी ठरवून त्या वाट्याच्या आत कामांचा क्रम लावता येतो.

या खर्चाच्या छाननीसाठी केवळ अर्थसंकल्पीय भाषण पुरत नाही. 2024 मध्ये 28 जूनला राज्याचा 6,12,293 कोटींचा अतिरिक्त अर्थसंकल्प मांडला गेला आणि 9 जुलैला, दोन आठवडेही लोटले नसताना, 94,889 कोटींच्या पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पाबाहेरच्या जादा खर्चाच्या मागण्या, सभागृहात आल्या. म्हणून अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च हे तिन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवूनच वाचावे लागतात. त्याहून उपयोगी आहेत महालेखापालांचे वार्षिक वित्तीय लेखे. त्यांच्या परिशिष्टात अपूर्ण भांडवली कामांची यादी असते: काम कधी सुरू झाले, कधी पुरे व्हायचे होते, मूळ खर्च किती, आतापर्यंत किती गेला. एखाद्या विभागाच्या यादीतील उरलेल्या खर्चाची बेरीज करून तिला त्या विभागाच्या वार्षिक भांडवली तरतुदीने भागले की, एकही नवे काम हाती न घेता जुनी पुरी करायला किती वर्षे लागतील तो आकडा निघतो. विधिमंडळात नव्या कामाची मागणी मंजुरीला येईल, तेव्हा मंत्र्यांनी तिच्यासोबत हा आकडाही सभागृहापुढे ठेवला पाहिजे.