भिंत सरळ दिसते, पण जुळत नाही: गृहरचनेच्या सॉफ्टवेअरमधल्या अडचणींची उकल

पडद्यावर भिंत दिसते, पण फाइलमध्ये भिंत नसते. तिथे असतात दोन टोकांचे निर्देशांक, जाडी, उंची आणि हे आकडे कोणत्या एककात वाचायचे याची एखादी नोंद. स्केचअप, स्वीट होम ३डी, ब्लेंडर, ऑटोकॅड, कोणतेही सॉफ्टवेअर घ्या, कारभार असाच चालतो. कोपरा जुळत नाही, खिडकीसाठी भिंतीला भोक पडत नाही, फरशी लुकलुकते, रेंडर (प्रकाश-सावलीसह तयार होणारे अंतिम चित्र) काळेकुट्ट येते, या तक्रारींचे मूळ बहुतेकदा त्या आकड्यांतच सापडते. माउसने ओढून चित्र नीट दिसेपर्यंत हलवले, तर चूक झाकली जाते आणि पुढे छतापाशी किंवा छपाईच्या वेळी पुन्हा डोके वर काढते. म्हणून आधी आकडा तपासायचा, मग चित्राला हात लावायचा.

सगळ्यात आधी एकक

दुसऱ्याकडून आलेली डीडब्ल्यूजी किंवा डीएक्सएफ, म्हणजे संगणकी आराखड्याची, फाइल उघडली आणि घर मुंगीएवढे किंवा डोंगराएवढे दिसले, तर फाइल खराब आहे असे समजू नये. फाइलमध्ये भिंतीची लांबी नुसती ४००० अशी असते. ती मिलिमीटर मानली तर भिंत ४ मीटरची, इंच मानली तर १०१.६ मीटरची आणि मीटर मानली तर चक्क ४ किलोमीटरची. ऑटोकॅडमध्ये ही नोंद इन्सयुनिट्स नावाच्या चलात असते: १ म्हणजे इंच, २ म्हणजे फूट, ४ म्हणजे मिलिमीटर, ६ म्हणजे मीटर. तिथे ० असेल तर एकक ठरवलेलेच नाही आणि फाइल घेणारे सॉफ्टवेअर स्वतःचा अंदाज लावते.

निदान सोपे आहे. खरे माप माहीत असलेली एक वस्तू पडद्यावर मोजा, उदाहरणार्थ दार. पडद्यावरच्या मापाला खऱ्या मापाने भागा. उत्तर २५.४ आले तर मिलिमीटरचे आकडे इंच म्हणून वाचले गेले आहेत. ३०४.८ आले तर मिलिमीटर आणि फूट यांची अदलाबदल आहे, १००० आले तर मिलिमीटर आणि मीटर यांची, १२ आले तर इंच आणि फूट यांची. उत्तर १ पेक्षा लहान आले तर हाच घोटाळा उलट दिशेने झाला आहे. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर ही १९५९पासूनची नेमकी व्याख्या आहे. त्यामुळे उत्तर २५.१ किंवा २६ असे आले, तर दोष एकट्या एककाचा नाही, मापातही चूक आहे.

एकक चुकले असेल तर फाइल योग्य एकक निवडून पुन्हा आयात करणे सर्वांत सुरक्षित. ते शक्य नसेल, तर स्केचअपमध्ये टेप मेझर या मोजण्याच्या साधनाने माहीत असलेली कड मोजावी, लगेच खरे माप टाइप करून एंटर दाबावे आणि मॉडेलचा आकार बदलायचा का, या प्रश्नाला होकार द्यावा. फक्त एकाच वस्तूचा आकार बदलायचा असेल तर आधी तिच्या ग्रुपमध्ये शिरावे, नाहीतर सगळे घर बदलते.

स्कॅन केलेल्या नकाशावर गिरवतानाही हाच धोका असतो. स्वीट होम ३डी पार्श्वभूमीचे चित्र घेताना एक रेघ ओढायला लावते आणि तिची खरी लांबी विचारते. पुष्कळ जण ही रेघ दारावर ओढतात आणि तिथेच घोटाळा होतो. समजा चित्रात १ सेंटिमीटरला १ पिक्सेल आहे आणि रेघ ओढताना २ पिक्सेल हात चुकला. ९० सेंटिमीटरच्या दारावर ही चूक २.२ टक्के होते, म्हणजे ९ मीटरच्या घरात २० सेंटिमीटर. तीच रेघ ९ मीटरच्या बाहेरच्या भिंतीवर ओढली असती तर चूक २ सेंटिमीटरवर थांबली असती. रेघ नेहमी सर्वांत लांब भिंतीवर ओढावी. चित्रही स्कॅनरचे असावे, कारण तिरक्या कोनातून काढलेल्या फोटोत जवळच्या आणि लांबच्या बाजूंचे प्रमाण वेगळे असते आणि एकच रेघ दोन्हींना लागू पडत नाही.

खोली बंद होत नाही

खोलीच्या चारही भिंती काळजीपूर्वक मोजल्या, मापे भरली, तरी शेवटचा कोपरा काही सेंटिमीटर उघडा राहिला, असे सर्रास घडते. याचे कारण भूमितीत आहे. तीन बाजू ठरल्या की त्रिकोणाचा आकार पक्का होतो; चार बाजू ठरल्या तरी चौकोन लवचीकच राहतो. सॉफ्टवेअर प्रत्येक कोपरा ९० अंशांचा मानते आणि खरा कोपरा ८९ अंशांचा असतो. एका अंशाचा फरक ४ मीटर लांबीच्या भिंतीच्या टोकाला ७ सेंटिमीटर होतो.

उपाय म्हणजे कर्ण मोजणे. ३ मीटर बाय ४ मीटरच्या काटकोनी खोलीचा कर्ण बरोबर ५ मीटर भरतो. खोलीत तो ५.०४ भरला, तर कोपरा काटकोनी नाही. दोन्ही कर्ण मोजून खोली दोन त्रिकोणांत मांडली की कोपरे आपोआप योग्य जागी बसतात आणि दुसऱ्या कर्णावरून ताळा घेता येतो. खोली मोजायला जाताना हे एक जादा माप घेतले, तर संगणकापुढचे तासन्‌तास वाचतात. आमच्या मते मोजणीतले ते सर्वांत मोलाचे माप आहे.

एवढे करूनही भिंत मनाजोगी वळत नसेल तर सॉफ्टवेअरची चुंबक सोय आड येत असते. स्वीट होम ३डीमध्ये ती भिंतीचा कोन १५ अंशांच्या पटीत खेचते. विंडोजवर आल्ट दाबून धरल्यास ती तात्पुरती सुटते. किंवा भिंत काढताना एंटर दाबून लांबी आणि कोन सरळ टाइप करावेत. आपोआप खोली तयार करण्यासाठी दुहेरी क्लिक केले आणि काहीच झाले नाही, तर कुठल्या तरी दोन भिंतींची टोके एकमेकींना चिकटलेली नाहीत. खूप झूम करून एकेक कोपरा पाहावा आणि सुटे टोक ओढून दुसऱ्या भिंतीच्या टोकावर सोडावे.

स्केचअपमध्ये हीच तक्रार वेगळ्या रूपात येते: रेघांचा घेर पूर्ण झाला, पण पृष्ठभाग भरला जात नाही. एकतर कुठेतरी फट आहे, किंवा एखादा बिंदू बाकीच्यांच्या प्रतलात नाही. मापाच्या चौकटीत आकड्याआधी नागमोडी चिन्ह दिसले तर लांबी दाखवलेल्या आकड्याएवढी नेमकी नाही, इतके नक्की. दोषी बिंदू शोधायला समोरासमोरचे कोपरे रेघांनी जोडावेत. तीन बिंदू नेहमी एकाच प्रतलात असल्याने त्रिकोण भरतात. भरलेले त्रिकोण जिथे किंचित दुमडलेले दिसतात, तिथला बिंदू वरखाली आहे.

नळाची तोटी, दाराची मूठ अशा बारीक वस्तूंत पृष्ठभाग गळण्याचे कारण निराळे. इंचाच्या एक हजारांशापेक्षा, म्हणजे सुमारे ०.०२५ मिलिमीटरपेक्षा, जवळ असलेले दोन बिंदू स्केचअप एकच मानते. अशी वस्तू १०० पट मोठी करून काढावी आणि पूर्ण झाल्यावर पुन्हा १०० पट लहान करावी. एकदा तयार झालेले पृष्ठभाग लहान केल्यावर टिकतात. अडचण फक्त ते तयार होताना येते.

क्षेत्रफळाचा घोळही इथेच येतो. भिंती मध्यरेषेवर काढल्या आणि मापे मात्र आतल्या बाजूची हवी असली, तर १५ सेंटिमीटर जाडीच्या भिंतींत ३ बाय ४ मीटरची खोली ३.१५ बाय ४.१५ अशी मोजली जाते. १२ चौरस मीटरचे १३.०७ होतात, जवळपास ९ टक्के जास्त. फरशीचा हिशेब करताना हा फरक चांगलाच महागात पडतो.

लुकलुकणारी फरशी आणि थरथरणारे घर

दोन पृष्ठभाग एकाच जागी असले की कॅमेरा फिरवताना त्यांचे रंग पट्ट्यापट्ट्यांनी आलटून पालटून दिसतात. प्रत्येक ठिपक्यासाठी कोणता पृष्ठभाग पुढे आहे, हे ग्राफिक्स कार्ड कॅमेऱ्यापासूनच्या अंतराच्या एका आकड्यावरून ठरवते. हा आकडा अनेक ठिकाणी २४ बिटांचा असतो, म्हणजे १,६७,७७,२१६ टप्पे. टप्पे पुष्कळ वाटतात, पण ते समान वाटलेले नसतात. बहुतेक कॅमेऱ्याजवळ खर्च होतात. दृश्य कॅमेऱ्यापासून १ सेंटिमीटरवर सुरू होत असेल तर निम्मे टप्पे १ ते २ सेंटिमीटर या पट्ट्यातच संपतात. २० मीटरवर मग सुमारे २.४ मिलिमीटरपेक्षा कमी अंतरावरचे दोन थर कार्डाला वेगळे ओळखता येत नाहीत. जवळची मर्यादा १० सेंटिमीटर केली की तीच क्षमता ०.२४ मिलिमीटरवर येते.

म्हणून खालचा निरुपयोगी पृष्ठभाग काढून टाकणे हा खरा उपाय. तो हवाच असेल तर वरचा थर ५ मिलिमीटर उचलावा, आणि ब्लेंडरसारखी सोय असेल तिथे कॅमेऱ्याची जवळची मर्यादा वाढवावी.

सगळेच मॉडेल थरथरत असेल, गोल वस्तू दातेरी दिसत असतील, तर घर शून्यबिंदूपासून फार दूर आहे. सर्वेक्षणाच्या नकाशातले निर्देशांक लाखो मीटरचे असतात. ग्राफिक्स कार्ड सहसा ३२ बिटांचे दशांश वापरते, ज्यात सुमारे ७ अंकच नेमके राहतात. शून्यापासून २० लाख मीटरवर दोन शेजारच्या आकड्यांत १२.५ सेंटिमीटरचे अंतर पडते. दाराची मूठ त्यात कशी मावणार? सगळे घर एकदम निवडून त्याचा एक कोपरा शून्यावर आणावा आणि किती सरकवले ते लिहून ठेवावे. झूम एक्स्टेंट्स (फाइलमधले सगळे एकदम पडद्यावर दाखवणारी आज्ञा) केल्यावर घर ठिपक्याएवढे दिसत असेल, तर दूर कुठेतरी एखादी भरकटलेली रेघ पडली आहे. ती शोधून काढावी. जवळ गेल्यावर भिंती कापल्यासारख्या दिसण्यामागेही पुष्कळदा तीच असते.

दार बसले, भोक पडले नाही

स्केचअपमधले दार किंवा खिडकी फक्त एका पृष्ठभागाला भोक पाडते. जाड भिंतीला दोन पृष्ठभाग असतात, म्हणून बाहेरून उघडी दिसणारी खिडकी आतून बंद असते. आतल्या बाजूला तोच आयत काढून हाताने पोकळी करावी लागते. स्वीट होम ३डीमध्ये बाहेरून आणलेले मॉडेल आयात करतानाच ते दार किंवा खिडकी असल्याची खूण करावी लागते. ती राहिली तर सॉफ्टवेअर त्याला फर्निचर समजते आणि भिंत तशीच ठेवते.

फाइल जड झाली

२ एमबीची जेपीजी हलकी वाटते, पण ग्राफिक्स कार्डाला ती उलगडूनच लागते. ४०९६ बाय ४०९६ ठिपके, प्रत्येकी ४ बाइट, म्हणजे ६४ एमबी. दूरच्या दृश्यासाठीच्या लहान प्रती धरून सुमारे ८५. अशी २० चित्रे म्हणजे १.७ जीबी. गालिचाला १०२४ ठिपके पुरतात आणि स्मृती १६ पटींनी वाचते. खुर्च्या एकाच कंपोनंटच्या (एकदाच काढून पुन्हा पुन्हा वापरायच्या वस्तूच्या) प्रती असाव्यात, मग त्यांचा आकार फाइलमध्ये एकदाच साठवला जातो.

कोणती वस्तू त्रास देते ते कळत नसेल तर अर्ध्या-अर्ध्याने शोधावे. फाइलची प्रत करून निम्म्या वस्तू काढाव्यात. त्रास थांबला तर दोष काढलेल्या निम्म्यात, नाहीतर उरलेल्यात. १००० वस्तूंतली एक सापडायला १० फेऱ्या पुरतात. फाइल उघडतच नसेल तर जुनी प्रत पाहावी: ब्लेंडर ती ब्लेंड१ या शेपटाने ठेवते, ऑटोकॅड बीएके या शेपटाने. शेपूट बदलले की ती उघडते.

रेंडर काळे का येते

बाहेर भर उन्हात १ लाख लक्स (पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशाचे एकक) प्रकाश असतो, खोलीत साधारण २०० असू शकतो. ५०० पटींचा हा फरक कॅमेऱ्याच्या जवळपास ९ स्टॉपएवढा आहे; एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा. बाहेरच्या दृश्याला जमलेले एक्स्पोजर, म्हणजे कॅमेरा किती प्रकाश घेतो ते प्रमाण, आत चालत नाही. दिवे वाढवत बसण्यापेक्षा एक्स्पोजर वाढवावे. ८०० लुमेनचा (लुमेन म्हणजे दिव्यातून निघणाऱ्या प्रकाशाचे एकक) दिवा म्हणजे जुन्या ६० वॅटच्या बल्बइतका. वॅट आणि लुमेनच्या रकान्यांची अदलाबदल झाली आहे का, तेही पाहावे.

इथे एककाचा घोटाळा पुन्हा भेटतो. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटतो. घर २५.४ पट मोठे झाले असेल तर दिव्यांचा प्रकाश ६४५ पटींनी मंद होतो. सूर्याचा प्रकाश मात्र समांतर किरणांचा धरलेला असल्याने तो तसाच राहतो. म्हणून ऊन छान पडते आहे आणि दिवे मात्र मेल्यासारखे आहेत, असे दिसले की दिव्यांना हात न लावता दाराची रुंदी मोजावी. चित्रात दाणे दिसत असतील तर नमुने (प्रत्येक ठिपक्यासाठी तपासले जाणारे प्रकाशकिरण) वाढवावेत, पण दाणे निम्मे करायला नमुने चौपट लागतात. वेळही चौपट लागतो, त्यामुळे दाणे पुसणारी सोय वापरणे बहुधा शहाणपणाचे.

कागदावर उतरवताना

प्रमाणात छापायचे तर दृश्य समांतर प्रक्षेपात हवे, कारण यथार्थ (दूरचे लहान दाखवणाऱ्या) दृश्यात प्रमाण अंतरागणिक बदलते. १:५० प्रमाणात ए४ कागदावर १०.५ बाय १४.८५ मीटर मावतात, समास वजा न करता. छपाईच्या चौकटीत कागदावर बसवण्याचा पर्याय बंद करून १०० टक्के निवडावे. तरीही आराखड्याच्या कोपऱ्यात, कागदावर बरोबर १०० मिलिमीटर उतरायला हवी अशी एक रेघ काढून ठेवावी. १:५० ला ती मॉडेलमध्ये ५ मीटरची असेल. छापल्यावर ती पट्टीने मोजावी. ९७ भरली, तर त्या कागदावरून मोजलेली ४ मीटरची भिंत ३.८८ मीटर येईल, आणि तो कागद कारागिराच्या हाती देण्याआधी पुन्हा छापावा लागेल.