सॉफ्टवेअर विकसन प्रक्रिया आणि सदोष व्यवस्थापन

गरजा ठरवणे, आराखडा आखणे, कोड लिहिणे, चाचणी घेणे आणि तयार प्रणाली वापरात आणणे, या कामांची ठरवून घेतलेली शिस्त म्हणजे सॉफ्टवेअर विकसन प्रक्रिया. एक टप्पा पूर्ण करून मगच पुढचा हाती घेणारी वॉटरफॉल असो वा छोट्या-छोट्या तुकड्यांत काम करत, बदल करत पुढे जाणारी अजाइल, काय हवे आणि काय नको हे सांगायचा अधिकार असलेले कोणीतरी आहे आणि काम संपेपर्यंत ते जागेवर राहणार आहे, असे प्रत्येक पद्धतीत गृहीत धरलेले असते. तसे कोणी नसेल, तर बैठका आणि तक्ते चालू राहतात. निर्णय तेवढे होत नाहीत.

अमेरिकेची केंद्रीय तपास यंत्रणा असलेल्या एफबीआयची ‘व्हर्च्युअल केस फाइल’, म्हणजे तपासाच्या फाइली संगणकावर ठेवण्याची प्रणाली, हे याचे बोलके उदाहरण. १९९५ पासूनच्या जुन्या प्रणालीत माऊस चालत नसे. एक कागद साठवायला बारा स्क्रीन ओलांडावे लागत. २००१ च्या जूनमध्ये नव्या कामाचे कंत्राट दिले गेले. सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर मुदत अलीकडे ओढली आणि कामही वाढवले: जुन्या प्रणालीला नवा दर्शनी भाग लावायचा होता, तिथे ती सगळीच बदलायची ठरली. २००२ मध्ये तपास अधिकाऱ्यांसोबत सुमारे सहा महिने बैठका झाल्या. त्यांतून गरजांचा ८०० हून अधिक पानांचा दस्तऐवज उभा राहिला. बटणांवर काय लिहायचे इथपर्यंत त्या बैठकांत खल झाला, पण यातले आधी काय आणि नंतर काय, हे ठरले नाही. शुक्रवारी जुनी प्रणाली बंद, सोमवारी नवी सुरू, असा बेत होता. गडबड झालीच तर मागे फिरायची सोय नव्हती.

नोव्हेंबर २००१ नंतरच्या तीनेक वर्षांत या कार्यक्रमाने पाच मुख्य माहिती अधिकारी आणि दहा प्रकल्प व्यवस्थापक पाहिले. असा माणूस रुळतो न रुळतो तोच जातो, आणि नवा आलेला पुन्हा पहिल्यापासून विचारतो. डिसेंबर २००३ मध्ये हाती आलेली प्रणाली एफबीआयने नाकारली. वाद लवादाकडे गेला. प्रणालीतल्या त्रुटींच्या ५९ मुद्द्यांपैकी १९ एफबीआयने ऐनवेळी बदललेल्या मागण्यांमुळे आणि ४० कंत्राटदाराच्या चुकांमुळे, असा निवाडा झाला. २००५ मध्ये प्रकल्प गुंडाळला गेला तेव्हा सुमारे १७ कोटी डॉलर खर्च झाले होते.

त्याच कामासाठी पुढे आखलेल्या ‘सेंटिनेल’ प्रणालीचे कंत्राट २००६ मध्ये दुसऱ्या कंपनीला मिळाले. तेही रखडले. २०१० मध्ये एफबीआयने सूत्रे स्वतःकडे घेतली, माणसे कमी केली आणि अजाइल पद्धतीने, दोन-दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये, म्हणजे ठरावीक मुदतीच्या छोट्या टप्प्यांत, काम सुरू केले. अजाइलचे समर्थक हा आपला विजय मानतात. तो अर्धाच खरा. पद्धत बदलली त्याच वेळी निर्णयाची खुर्चीही कंत्राटदाराकडून घरात आली, आणि यातल्या कशाने किती फरक पडला हे वेगळे काढणे अवघड आहे. सेंटिनेल जुलै २०१२ मध्ये सर्वांसाठी खुले झाले; मूळ वेळापत्रकात त्यासाठी २००९ साल लिहिलेले होते.