हेलसिंकी ते अटलांटा, ४४ वर्षं: ली लाय-शानच्या गोल्डमागची गोष्ट

अटलांटा १९९६ म्हटलं की आपल्याला लिएंडर पेसचं ब्राँझ आठवतं आणि पाठोपाठ खाशाबा जाधव, कारण १९५२ च्या हेलसिंकीनंतर आपल्याला पुढचं वैयक्तिक पदक मिळायला ४४ वर्षं लागली. पण पेसच्या त्या मॅचच्या काही दिवस आधी, त्याच ऑलिम्पिकमध्ये, आणखी कुणाचं तरी तेवढंच वाट पाहणं संपलं होतं. हाँगकाँग पहिल्यांदा ऑलिम्पिकला गेलं तेही हेलसिंकीलाच, आणि तेव्हापासून गोल्ड सोडाच, साधं ब्राँझसुद्धा नाही. ती पाटी पुसली ली लाय-शाननं, विंडसर्फिंगमध्ये, म्हणजे शीड लावलेल्या फळीवर (बोर्डवर) उभं राहून वाऱ्याच्या जोरावर पाण्यात रेस करायची. लाडाचं नाव सान सान.

ही पोरगी चांग चाउ बेटावरची. हाँगकाँग म्हणजे उंच बिल्डिंगा असं आपल्या डोक्यात बसलंय, पण हे बेट कोळ्यांचं, छोटंसं, बोटीनं जायचं, तिथे खाजगी गाड्या नाहीत. तिच्या मामानं, लाय गुननं, तिथल्या किनाऱ्यावर विंडसर्फिंगचं सेंटर काढलं होतं आणि १२ वर्षांची असताना ती तिथेच बोर्डवर चढली. मला वाटतं सगळ्याचं मूळ त्या मामाकडेच आहे, घराजवळ बोर्ड आणि शिकवणारं माणूस नसतं तर हे झालंच नसतं.

कारण हा खेळ लांबून जेवढा सोपा दिसतो तेवढा मुळीच नाही. सुरुवातीला अर्धा वेळ पाण्यातच जातो, पडलं की परत बोर्डवर चढायचं, पाण्यात आडवं पडलेलं शीड दोरीनं ओढून उभं करायचं, त्यात साचलेलं पाणी एवढं जड असतं की पाठ बोलायला लागते. सान सानच्या काळात ऑलिम्पिकला मिस्ट्रल नावाचा बोर्ड होता, लांबी साधारण ३.७ मीटर आणि शीड ७.४ चौरस मीटर. वारा पडला की थांबायचं नाही, दोन्ही हातांनी शीड पंख्यासारखं सतत मागेपुढे ओढत राहायचं, त्याला पंपिंग म्हणतात, आणि सगळी रेस असं करायचं म्हणजे दंड, पाठ, दम, सगळ्याचाच कस लागतो.

बायकांचं विंडसर्फिंग ऑलिम्पिकमध्ये आलंच मुळी १९९२ ला, बार्सिलोनात. तिथे ती अकरावी. पुढच्याच वर्षी वर्ल्ड चॅम्पियन! आणि मग अटलांटा, म्हणजे खरं तर सवाना, कारण शिडाच्या रेसेस तिथल्या समुद्रात होत्या. बार्सिलोनाचं गोल्ड जिंकलेली न्यूझीलंडची बार्बरा केंडल दुसरी, इटलीची अलेसांद्रा सेन्सिनी तिसरी, आणि वर सान सान, वय २५. हाँगकाँगचे खेळाडू टाकाऊ नाहीत, असं ती जिंकल्यावर म्हणाली, आणि ते तिथल्या लोकांच्या मनात कायमचं बसलं. वर्षानुवर्षं काय काय ऐकून घेतलं असेल तेव्हा हे तोंडातून निघतं.

पोडियमवर तेव्हा युनियन जॅकवाला निळा झेंडा चढला आणि वाजलं ब्रिटनच्या राणीचं गीत, कारण हाँगकाँग अजून वसाहत होतं. वर्षभराच्या आत, १ जुलै १९९७ ला ते चीनकडे गेलं, म्हणजे त्या झेंड्याखालचं ऑलिम्पिकमधलं ते पहिलं आणि शेवटचं गोल्ड.

ती मात्र थांबली नाही. १९९७ आणि २००१ ला परत वर्ल्ड चॅम्पियन, १९९८ आणि २००२ ला एशियन गेम्सचं गोल्ड, अथेन्स २००४ ला चौथी, पदक थोडक्यात गेलं. हाँगकाँगला दुसरं ऑलिम्पिक गोल्ड मिळालं ते थेट २०२१ मध्ये टोकियोला, तलवारबाजीत, म्हणजे मधली २५ वर्षं ती एकटीच होती.